जादा दोन टक्के

"साहेब, बँकेनं एकदा कापलेलं व्याज परत मिळतं का?"

मी मान वर केली. काउंटरच्या जाळीपलीकडे पांढरी टोपी, पिवळी पडलेली नखं आणि दोन्ही हातांत धरलेलं पासबुक दिसलं. मार्च महिन्यातली दुपार होती. पंखासुद्धा जेवून आल्यासारखा फिरत होता. मी त्या वेळी जागाच होतो, असं आज छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

सांगलीच्या त्या शाखेत मला तीन वर्षं झाली होती. वय सत्तावीस, गाव वेंगुर्लं. 'राजाराम तुळसकर, कर्ज विभाग' अशी लाकडी पाटी टेबलावर होती, आणि त्या पाटीमागे बसल्याबसल्या मी कुठे कुठे जाऊन यायचो ते माझं मलाच माहीत. माझी आई म्हणायची, "ह्याका जागेपणी सपनां पडतत आणि झोपेत कायच दिसना नाय." बँकेला हे नोकरी देताना कळलं नव्हतं.

"कुठलं व्याज?" मी विचारलं.

"ओव्हरड्राफ्टचं. करारात चौदा टक्के हाय. तीन वर्सं तुमी सोळा लावताय."

पासबुकावर नाव होतं पारिसा नेमगोंडा मगदूम, राहणार हरिपूर. हरिपूर म्हणजे सांगलीपासून सायकलच्या वाटेवरचं, जिथे वारणा कृष्णेला मिळते ते गाव. तिथली माणसं हळद जमिनीखाली ठेवतात. वीस-पंचवीस फूट खोल, वर अरुंद तोंडाचा आणि आत पसरत गेलेला खड्डा. त्याला पेव म्हणायचं. त्यात सुटी हळद ओतायची, तोंडावर दगड बसवायचा, वर माती थापायची, आणि भाव येईपर्यंत दोन-चार वर्षं विसरून जायचं. त्या झाकलेल्या पेवावर बँक व्यापाऱ्याला ओव्हरड्राफ्ट द्यायची. लागेल तसे पैसे उचलावेत, जमेल तसे भरावेत, आणि जेवढे अंगावर असतील तेवढ्यांवर व्याज. तारण म्हणून पेवाच्या दगडावर बँकेची लाखेची मोहोर. दर तीन महिन्यांनी बँकेचा अधिकारी तपासणीला जाणार. व्यापाऱ्याने पेव उघडायला नकार दिला, तर जादा दोन टक्के.

"ते दंडाचं व्याज आहे," मी म्हणालो. "तुम्ही पेव उघडायला नकार दिलात म्हणून."

"मी नकार दिलाच न्हाई. मला इचारायला कोन आलं पायजे का नको?"

मी पासबुकाचं पान उलटलं. पुढचं पानही उलटलं. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

"सगळे मिळून छत्तीसशेच्या आसपास होतात," मी म्हणालो.

"रुपयं काय झाडाला लागत्यात व्हय? पायजेतच. पर निस्त्या रुपयांसाठनं मी आलो न्हाई." त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि जाळीला तोंड लावलं. "त्या पेवात तिसरा हिस्सा माझ्या अक्काचा हाय. थोरली भन माझी, चंद्राक्का. मालक गेल्यापास्नं तिची हळद माझ्याच पेवात असत्या. तीन वर्सांखाली तुमचं पत्र आलं, पयल्या दंडाचं. इंग्रजीत. मी घरात नव्हतो, तिनं मास्तरांकडनं वाचून घेतलं. मास्तर म्हनले, पारिसा बँकेला पेव उघडू देईना झालाय. मग अक्काला काय वाटंल? हळद असती तर उघडलं असतं, न्हाई म्हनून उघडंना. भावानं माझी हळद इकून खाल्ली."

"मग त्यांना उघडून दाखवायचं."

माझ्या अडाणीपणाची त्यांना कीव आली असावी. "मधीच पेव उघडत न्हाईत साहेब. वारं लागलं की हळदीचा जीव जातो. बँकेसाठी उघडीन असं लिवून दिलंय, तेवढंच. तुमची मोहोर मी कशी फोडू? आनि खरं सांगायचं तर तवा मला रागबी आलता. जिनं मला कडंवर घिऊन वाढवलं, तिनं माझ्याकडं पुरावा मागायचा? मी बी बोललो न्हाई. आता राग गेला, पर बोलनं कुठनं सुरू करायचं? एका भितीची घरं हाईत आमची. तिची भाकरी थापलेली मला आयकाय येत्या."

"व्याजाचा आणि त्याचा काय संबंध?"

"बँकेनं जादाचं परत दिलं तर ते पासबुकात यील. अक्का चौथी शिकल्या. तिला वाचता येतंय. मग तिला कळंल, चूक माझी नव्हती."

मी त्यांना आमच्या मॅनेजरांकडे, रेंदाळकर साहेबांकडे नेलं. दुसरं काय करणार होतो? रेंदाळकर वाईट माणूस नव्हते. त्यांना निकाल देता येईल असे प्रश्न आवडायचे.

"व्याज परत मिळतं," ते म्हणाले. "का नाही मिळत? चूक बँकेची असेल तर पै न पै परत. चूक पार्टीची असेल तर मात्र विसरायचं. तुळसकर, फाईल काढा."

मी फाईल काढली. तीन वर्षांचे बारा तपासणी अहवाल. बाराही कागदांवर एकच वाक्य होतं: 'प्रत्यक्ष स्थळी गेलो असता पार्टीने पेव उघडण्यास नकार दिला.' खाली सही.

पारिसाआण्णांनी त्या सहीवर पिवळं नख ठेवलं. "ह्यो कोन?"

"तपासणी अधिकारी," रेंदाळकर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे अर्धवट पाहिलं.

माझी सही तेव्हा अशी होती की ती माझ्या सख्ख्या आईलाही वाचता आली नसती. मी फाईल मिटली.

"असं करू," रेंदाळकर म्हणाले, "तुळसकर, तुम्हीच जा. मोहोर तोडा, पेव उघडा, हळद नोंदीप्रमाणे आहे का बघा. मग अहवालांचं काय झालं ते मुख्य कचेरीला लिहू."

आण्णा हात जोडून गेले. केबिनच्या दारात रेंदाळकरांनी मला थांबवलं. "बढतीची यादी महिनाअखेरीला लागतेय. तुझं नाव आहे म्हणतात. नीट जा, नीट ये."

*

बावीस मार्चला सकाळी मी सायकल काढली. हरिपूरचा रस्ता मला पाठ होता. दोन्ही बाजूंची झाडं, त्यांतून पडणारे कवडसे, आणि मग अचानक उजवीकडे लागणारं पाणी. त्या रस्त्यावर माझं डोकं आपोआप रिकामं व्हायचं. त्या दिवशी मात्र ते रिकामं होईना.

पेवांचं माळरान बघितलं तर तिथे बघण्यासारखं काहीच नसतं. उघडी जमीन, इकडेतिकडे उंचवटे, चार शेळ्या. पण आपण हळदीवरून चालतोय हे कळलं की पाय हळू पडायला लागतात. आण्णा तिथे आधीच उभे होते. बरोबर दादू नावाचा त्यांचा जुना हमाल, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला. दादूने दगडावरची माती ओढली आणि मी मोहोर तपासली. ती अखंड होती. लाखेत आमच्या बँकेचं चिन्ह तीन वर्षांत जरासुद्धा झिजलं नव्हतं.

मी ती तोडली. दादूने पहारीने दगड सरकवला. आतून आधी एक जुनी, दमट ऊब वर आली आणि तिच्यामागोमाग वास. हळदीचा वास आपल्याला माहीत असतो असं आपल्याला वाटतं, फोडणीतला, लग्नघरातला. हा त्याच्याही आधीचा वास होता. मी क्षणभर डोळे मिटले.

दादूने दोरीला कंदील बांधून आत सोडला. आठ-नऊ फुटांवर ज्योत थरथरली, बारीक झाली आणि विझली.

"जीव न्हाई अजून आत," दादू म्हणाला. "कोंडल्याली हवा हाय. आत्ता उतारलं तर मानूस खालीच निजंल, कायमचं. दुपार हुईल."

आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत बसलो. तेवढ्यात समोरून एक काठी टेकत येणारी बाई दिसली. उंच, हडकुळी, पांढरं लुगडं. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. दादूने घाईने एक रिकामं पोतं अंथरलं. तिने ते उचललं, चार हात लांब नेऊन टाकलं आणि भावाकडे पाठ करून बसली.

"दादू," ती म्हणाली, "तुझ्या मालकाला इचार, सायेब कोन म्हनायचं हे?"

"मालक, अक्का इचारत्यात—"

"सांग तिला, बँकेचं हाईत. पेव बघाय आल्यात."

"अक्का, मालक म्हंत्यात—"

"आयकलं," अक्का म्हणाल्या.

असं बराच वेळ चाललं. दोघांत चार हातांचं अंतर आणि मधे दादू. त्याला ह्याची इतकी सवय झाली होती की तो उत्तर यायच्या आधीच मान वळवून ठेवायचा. अक्कांनी दादूमार्फत विचारलं, किती फूट हळद असायला पाहिजे. आण्णांनी दादूमार्फत सांगितलं, पंधरा फूट, वर दहा फूट मोकळं. मला हसू येत होतं आणि हसू येतंय ह्याची लाजही वाटत होती.

"हळद आत वाढत्या साहेब," मधेच आण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "तुमास्नी पटायचं न्हाई. शंभर किलो आत टाकली तर भाईर काढताना दोन-तीन किलो जास्तच भरत्या. जमिनीचा वलावा पिती. वर तुमचं व्याज वाढतंय, खाली ती वाढत्या. गपगुमान. कुनाला पत्र न्हाई का काय न्हाई."

ऊन चढलं. शेळ्या सावलीला आल्या. नदीवरून धुणं आपटल्याचे आवाज येत होते, पण कपडा दगडावर पडून गेल्यावर मागाहून यावेत तसे उशिरा. पेवाच्या तोंडावर हवा थरथरत होती. तिच्यातून पलीकडचं झाड पाण्यात असल्यासारखं हलत होतं. मी त्या झाडाकडे बघत राहिलो, आणि मला वाटायला लागलं की मी इथे आलेलोच नाही, तिकडे नदीवर आहे आणि हे सगळं मला दिसतंय.

"साहेब, उठा," दादू म्हणाला. "कंदील जळतोय."

तीन वाजून गेले होते.

आमच्या नियमात होतं की नुसतं वरून माप घेऊन चालत नाही. लोक खाली भुसा भरतात आणि वर हळदीचा थर देतात. म्हणून अधिकाऱ्याने उतरून, उकरून बघायचं. दादूने माझ्या कमरेला दोर बांधला. मी पाय आत सोडले. अंगाला माती घासत मी खाली गेलो, आणि मग एकदम भिंती लांब गेल्या आणि पाय हळदीत रुतले.

कंदिलाच्या उजेडात सगळं एका रंगाचं होतं. माझे हातसुद्धा. आत गार होतं आणि कानात दडे बसल्यासारखी शांतता होती. वर ताटाएवढं आभाळ होतं, फार लांब. मी गुडघ्यावर बसलो आणि उकरायला लागलो. कोपरापर्यंत हात घातला. हळकुंडं खुळखुळत बाजूला सरत होती, टणक, सुकी, ओळखीची. मधे उकरलं, चारी बाजूंनी उकरलं, दादूने दिलेली लांब सळई खोल खुपसून पाहिली. भुसा नव्हता. खडा नव्हता. मापाच्या दोरीने वरची मोकळी जागा दहा फुटांना दोन बोटं कमी भरली, म्हणजे हळद पंधरा फुटांना दोन बोटं जास्तच होती.

"हळद आहे!" मी वर तोंड करून ओरडलो. "पूर्ण आहे! खालपर्यंत हळदच आहे!"

वर काहीतरी हललं. मग अक्कांचा आवाज आला. पेवाच्या तोंडातून तो गोल होऊन खाली येत होता, जवळचा आणि परका.

"दादू, इचार त्याला. हळद हाय, तर मग बँकेला न्हाई का म्हनला?"

"दादू, सांग तिला," आण्णांचा आवाज. "मी न्हाई म्हनलोच न्हाई. कुनी आलंच न्हाई माझ्या दारात."

"दादू, त्याला म्हनावं, बँक खोटं लिवल व्हय? बारा डाव? त्यास्नी काय तुझ्याशी दुस्मानी हाय?"

वरून थोडी माती झरली; आण्णा कडेवरून मागे सरले असावेत. मग अक्का म्हणाल्या, आणि आवाज आता बारीक झाला होता, "दादू, त्याला म्हनावं, हळद भेटली, लई झालं. पर माझ्याशी अजून खोटं बोलतोस. हळद गेली असती तर चाललं असतं."

मी हळदीत गुडघ्यावर बसलो होतो. डोकं जड झालं होतं. डोळ्यांसमोर नदी आली. दोन पाणी मिळतात तिथे एक गढूळ असतं आणि एक हिरवं, आणि बरंच अंतर ती एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी जातात. ते बघता बघता डोळा लागतो. पहिल्या तिमाहीला मी खरंच तपासणीला निघालो होतो. गावाच्या तोंडाशी एका हमालाला विचारलं, पेव उघडून दाखवतील का? तो हसला आणि म्हणाला, "मधीच कोन पेव उघडतंय व्हय?" मला तेवढं पुरलं. मी संगमावर गेलो, करंजाच्या झाडाखाली बसलो, पाणी बघितलं, झोपलो. संध्याकाळी बँकेत जाऊन लिहिलं, पार्टीने नकार दिला. पुढच्या अकरा वेळा तर हमालालाही विचारलं नाही.

इथे मी मोठा विचार केला, मन घट्ट केलं, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. झोपेत माणूस बोलतो तसं ते माझ्या तोंडून गेलं.

"आण्णा खरं बोलताहेत," मी म्हणालो. "कुणी आलंच नव्हतं. तो अधिकारी मीच. मी येत नव्हतो. मी नदीवर झोपत होतो आणि खोटं लिहीत होतो."

माझाच आवाज चारी बाजूंनी माझ्याकडे परत आला.

मी थांबलो. कंदिलाची ज्योत सरळ जळत होती. ताटाएवढ्या आभाळात कुणाचं डोकं दिसेना. मला वाटलं, सगळे निघून गेले. त्यांनी दगड परत बसवला असता तरी मी काय म्हणणार होतो? गंमत म्हणजे मला भीती वाटत नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा मी अगदी टक्क जागा होतो.

मग कमरेचा दोर ताठ झाला.

*

वर आलो तेव्हा आण्णा माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या टोपीखालची मान मला दिसत होती. ते वळले असते आणि त्यांनी माझ्या थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. ते वळले नाहीत.

अक्का उठून माझ्यापर्यंत आल्या. डोक्यापासून पायापर्यंत मी पिवळा झालो होतो. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि माझा चेहरा नीट न्याहाळला.

"करंजाखाली निजायचं त्ये तुमीच व्हय?"

मी मान हलवली.

"डोस्क्याखाली चामड्याची पिशवी घिऊन?"

"हो."

"मी धुनं धुवाय यायची तितं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, चांगल्या घरचं प्वार दिसतंय, येतंय, पान्याकडं एकटक बघत बसतंय. परीक्षेत नापास झालंय का नोकरी गेलीया, कुनाला ठावं. उडी मारंल म्हनून मला भ्या वाटायचं. तुमी उठून सायकलीवर बसंपत्तूर मी धुनं आवरायची न्हाई. धुतल्यालंच परत धुवायची." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "मी तितं तुमचा जीव राखत बसली, आनि तुमी हिकडं माझ्या भावाला चोर केलासा."

मला रडू आलं. लपवायला जागा नव्हती आणि हात हळदीने भरलेले होते, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. दादूने मान खाली घातली.

"लिवा," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता आत बोललासा त्ये. कागदावर. मराटीत लिवा, इंग्रजी नगं. मला वाचाय आलं पायजे."

मी पिशवीतून कागद काढला. पेवाच्या दगडावर ठेवून लिहिलं. हात धुवायला पाणी नव्हतं, म्हणून कागदाच्या कडेला माझी बोटं उमटली. बारा तारखा लिहिल्या. मी गेलो नाही, मगदूम यांनी कधीही नकार दिला नाही, मी खोटं लिहिलं, असं लिहिलं आणि पहिल्यांदाच वाचता येईल अशी सही केली. अक्कांनी कागद डोळ्यांजवळ धरला. एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत, त्यांनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. सूर्य उतरायला लागला होता. एवढ्या हळू मला कुणीच कधी वाचलं नव्हतं.

मग त्यांनी त्याची घडी केली आणि कमरेच्या चंचीत ठेवली.

"अक्का, तो बँकेला द्यायला हवा," मी म्हणालो. "त्याशिवाय व्याज परत मिळणार नाही."

"बँकेला दुसरा लिवा. ह्यो माझा हाय."

आणि त्या वळल्या. "पारिसा," त्या म्हणाल्या.

दादूने सवयीने तोंड उघडलं. "मालक, अक्का म्हंत्यात—"

"आयकलं रे," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला.

"तू तरी वरडून सांगायचंस की मला. दारात हुबा ऱ्हाऊन."

"तू दार लावून घेतलंतंस अक्का."

"मग मोडायचंस. ल्हानपनी काय कमी मोडलास?"

आण्णांनी टोपी काढली आणि तिच्यात तोंड खुपसलं. साठीचा माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत होता. अक्कांनी त्याला रडू दिलं. मग पश्चिमेकडे पाहिलं. त्यांच्या घरात, जैनांच्या रीतीप्रमाणे, सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही.

"चल," त्या म्हणाल्या. "दिस बुडायच्या आत जेवाय पायजे. भाकरी हाय माझ्याकडं." चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या. मागे न बघता म्हणाल्या, "त्या सायबालाबी आन. उपाशी दिसतोय."

मी त्यांच्याकडे जेवलो. शाळूची भाकरी आणि दह्यातली चटणी. कुणीही माझ्याशी बोललं नाही, पण दुसरी भाकरी न विचारता ताटात पडली.

*

आता खरं सांगायचं ते एवढंच राहिलं आहे.

बँकेसाठी दुसरा कागद लिहायचा होता. त्याच संध्याकाळी सायकलीवरून येताना मी तो मनातल्या मनात पूर्ण लिहिला होता. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसलो आणि रेंदाळकरांनी विचारलं, "काय निघालं?" मी म्हणालो, "हळद बरोबर आहे. अहवाल लिहितो." ते म्हणाले, "सावकाश लिही."

मी सावकाशच लिहिला. रोज काढायचो आणि रोज खणात ठेवायचो. यादी एकतीस तारखेला लागणार होती. एकदा लागू दे, मग देऊ, असं मी ठरवलं नव्हतं. ते आपोआप होत गेलं, त्या झाडाखाली डोळा लागायचा तसंच. एकतीसला संध्याकाळी यादी आली. माझं नाव चौथं होतं. लोकांनी पाठ थोपटली, पेढे आणायला लावले. पहिल्या तारखेला हिशेबासाठी बँक बंद होती. दोन एप्रिलला सकाळी मी तपासणी अहवाल आणि कबुलीचा कागद, दोन्ही रेंदाळकरांसमोर ठेवले. पेव उघडल्याला अकरा दिवस झाले होते.

त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, "पेढे तरी आणायचे नव्हतेस."

पुढचं मुख्य कचेरीने केलं. बढती गेली, तीन वेतनवाढी थांबल्या, नोकरी राहिली. आणि दिवाळीच्या सुमारास पारिसा मगदूमांच्या खात्यावर बारा तिमाह्यांचं जादा व्याज जमा झालं, पै न पै.

आण्णा पासबुक भरून घ्यायला आले. मीच भरून दिलं. त्यांनी जाळीपलीकडे उभं राहून नव्या ओळी वाचल्या. ते खूश होते. अक्कांच्या आणि त्यांच्या घरांमधल्या भिंतीला आता दार पाडलंय असं त्यांनी मला सांगितलं. मग त्यांचं नख एका ओळीवर थांबलं.

"हे तीनशे दोन रुपयं कसलं? एकतीस मार्च. जादा व्याज."

"तेराव्या तिमाहीचं," मी म्हणालो.

"मार्चात तर तुमी आलतासा. पेव उघडलं की आपन."

"अहवाल एकतीसच्या आत पोचायला हवा होता. मी दोन एप्रिलला दिला. मुदतीत आला नाही म्हणून नियमाने कापलं गेलं. मुख्य कचेरीने फक्त डिसेंबरपर्यंतचं परत केलं."

"का उशीर झाला?"

मी त्यांना यादीचं सांगितलं. पेढ्यांचंही सांगितलं. मागे लोक रांगेत उभे होते. आण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवशी पेवाजवळ त्यांनी वळून बघितलं नव्हतं, ते बघणं आता बघत होते.

"हे मी माझ्याकडून भरतो," मी म्हणालो. "आजच."

"नगं."

"मग बँकेकडे अर्ज करा. मी लिहून देतो. मिळतील परत."

"अर्ज केला तर कागद घरी यील. अक्का वाचंल." त्यांनी पासबुक मिटलं, सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं आणि जाळीला तोंड लावलं. "तिला हे सांगू नगासा. ती तुमास्नी चांगला मानूस म्हंती."